वांग्याचा काय दोष?

सोलापुरात कुणाच्या अंगाला खाज सुटली की पहिला आरोप वांग्यावर येतो. त्याच्या पाठोपाठ गूळ, लोणचे, अंडी, उन्हाळा आणि सगळ्यात शेवटी ‘बिघडलेले रक्त’ यांची नावे घेतली जातात. हा निकाल द्यायला डॉक्टर लागत नाही, दारात भाजी निवडत बसलेली कुठलीही काकू तो देऊ शकते. माझ्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या आतल्या घड्यांत लहानपणापासून इसब आहे, त्यामुळे हे निकाल मी भरपूर ऐकले आहेत. घरी आलेल्या आत्याबाई माझा हात उलटासुलटा करून आईला म्हणायच्या, “वहिनी, पोरीचं रक्त तापलंय वो. कडुलिंबाचा रस द्या, वांगं बंद करा.” रस मी प्याले आणि वांगे सोडले. खाज होती तशीच राहिली, आणि भरल्या वांग्यांची वाटी मात्र बरीच वर्षे माझ्या ताटाला शिवली नाही.

पुढे शाळेत विज्ञान शिकवू लागल्यावर त्वचेच्या धड्यापाशी दरवर्षी माझी गाडी अडायची. पुस्तकातल्या आकृतीत बाह्यत्वचा, अंतस्त्वचा, घामाची ग्रंथी आणि केसाचे मूळ बाणांनी दाखवलेले असते, मुले ती नावे पाठ करतात आणि धडा संपतो. त्वचा काम काय करते, हे मात्र मुलांच्या आणि पालकांच्या मनात ‘शरीराचे आवरण’ या दोन शब्दांपलीकडे जात नाही. माझ्या मते इसबाबद्दलचा आपला सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. वेष्टनावर डाग पडला, म्हणजे आतला माल खराब झाला असणार, असा तो हिशेब असतो. म्हणून आपण पोटात आणि रक्तात डोकावत राहतो, आणि जिथे दुखणे डोळ्यांसमोर आहे त्या कातडीची चौकशीच करत नाही.

प्रौढ माणसाची त्वचा पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर तळहात-तळपाय सोडले तर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून जाड नसतो. पेशी तळाशी जन्मते, वर सरकता सरकता केराटिन या चिवट प्रथिनाने भरत जाते, आपले केंद्रक गमावते, चपटी होते आणि साधारण महिन्याभरात गळून पडते. अशा पंधरा-वीस चपट्या पेशी एकीवर एक बसलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. अभ्यासक या रचनेला विटांची आणि चुन्याची उपमा देतात. मृत पेशी म्हणजे विटा, आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचे मिश्रण म्हणजे चुना. शरीरातले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू, धूळ, साबण, परागकण आत येऊ न देणे, ही दोन्ही कामे हाच पातळ थर करतो. इसब असलेल्या माणसाच्या त्वचेतून पाण्याची वाफ जास्त प्रमाणात निसटते, आणि ती केवळ खपल्यांच्या जागी निसटते असे नाही, तर वरून नितळ दिसणाऱ्या जागीही निसटत असते. एप्रिल-मे महिन्यांत जिथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि दुपारची हवा ओठ फोडते, त्या आपल्या गावात याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या चुन्याचा शोध कसा लागत गेला, याची कथा मला फार आवडते, कारण तिचा एक धागा आपल्या शिवारापर्यंत येतो. 1929 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेद अजिबात नसलेला आहार देऊन पाहिला. उंदरांची शेपटी खवलेदार झाली, अंग कोरडे पडले, आणि ते पाणी नेहमीपेक्षा जास्त पिऊ लागले, कारण पाणी कातडीतून उडून जात होते. आहारात लिनोलिक आम्ल नावाचे मेदाम्ल दिल्यावर त्वचा सुधारली. हे आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते, आणि त्वचेतल्या सेरामाइडांपैकी एक महत्त्वाचा प्रकार त्याच्यावाचून तयारच होत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. आता हे आम्ल भरपूर कशात असते, तर आपल्या करडईत. ज्वारीच्या रानाच्या कडेने गुरे आत शिरू नयेत म्हणून जी काटेरी करडई पेरतात, तिच्या पारंपरिक वाणांच्या तेलात जवळजवळ तीन चतुर्थांश लिनोलिक आम्लच असते.

एवढे वाचून कुणी घाण्याकडे धाव घेऊ नये. रोजच्या जेवणात तेल असलेल्या माणसाला या आम्लाची कमतरता सहसा नसते, आणि त्याच कुळातल्या तेलांच्या कॅप्सूल इसबाच्या रुग्णांना देऊन झालेल्या चाचण्यांतून फायदा दिसलेला नाही. वरून लावण्याच्या तेलांत मात्र फरक आहे. ऑलिव्ह तेल लावल्याने वरचा थर विस्कटतो, सूर्यफुलाच्या तेलाने तसे होत नाही, असे प्रयोगांत आढळले आहे. बाळंतविड्याबरोबर ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली देण्याची जी नवी रीत आली आहे, तिच्याविषयी मला म्हणूनच प्रेम नाही.

चुन्याइतकीच विटांचीही गोष्ट आहे. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅकलेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोष आणि इसब यांचा घट्ट संबंध दाखवला. हे प्रथिन पेशीतले केराटिन आवळून तिला चपटी आणि भक्कम करते, आणि मग स्वतः मोडून त्याचे जे तुकडे होतात ते पेशीत पाणी धरून ठेवतात व त्वचेचा आम्लपणा टिकवायला हातभार लावतात. युरोपीय वंशाच्या साधारण दहातल्या एका माणसात या जनुकाची एक प्रत निकामी असते. इतर वंशांत दोषाच्या जागा आणि प्रमाण वेगळे आहे. गंमत अशी की या दोषाची एक खूण तळहातावर वाचता येते. अशा माणसाच्या तळव्यावर, विशेषतः अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, बारीक रेघांचे दाट जाळे असते. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत माझा हात पाहून एका ज्योतिषीबुवांनी ‘फार विचार करणारी बाई’ असे भविष्य वर्तवले होते. त्या रेघा विचारांच्या नसून बहुधा फिलॅग्रिनच्या आहेत. तरीही हा दोष असलेल्या प्रत्येकाला इसब होत नाही आणि इसब असलेल्या प्रत्येकात हा दोष सापडत नाही, म्हणून आत्याबाईंच्या वांग्याच्या जागी जनुकाला उभे करण्यातही अर्थ नाही.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेचार ते साडेपाचच्या आसपास राहतो. आपली नेहमीची साबणाची वडी नऊ-दहाच्या घरात असते. सामू वाढला की त्वचेतली काही विकरे (एन्झाइम) जागी होतात आणि पेशींना एकमेकींशी बांधणारे टाके वेळेआधीच उसवू लागतात. त्यात आमच्या शहराचे पाणी! उजनीचे पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला येते, मधल्या दिवसांत बोअरचे जड पाणी वापरावे लागते, आणि त्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही म्हणून माणूस आणखी साबण चोळतो. त्याचा पांढरट साका बादलीच्या कडेला दिसतो, तसाच तो अंगावरही बसतो. जड पाण्याच्या भागांत मुलांमध्ये इसब जास्त आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. मग पाणी मृदू करणारे यंत्र बसवले की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण इंग्लंडमध्ये 336 मुलांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घरात असे यंत्र बसवलेल्या मुलांचा इसब नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारला नाही. असे निष्कर्ष वाचून लोक वैतागतात. मला मात्र ते दिलासा देतात, कारण पंधरा-वीस हजारांचे यंत्र ज्याला परवडत नाही त्याचे त्यात काही अडले नाही. साबण कमी करणे, कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ उरकणे, टॉवेलने खसाखसा न पुसता अंग टिपून घेणे आणि अंग ओलसर असतानाच मलम लावणे एवढे कुणालाही जमते. आता टॉवेलांच्या गावात अंग कसे पुसावे हे मी सांगावे, हा आगाऊपणा आहे खरा.

सीमेवरचा थर कमजोर झाला की पुढचे काम रोगप्रतिकारयंत्रणा आपल्या हाती घेते, आणि ती ते वाजवीपेक्षा जास्त जोमाने करते. दुखावलेल्या पेशी धोक्याचे रासायनिक इशारे सोडतात, त्यावर पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि त्यांच्याकडून इंटरल्यूकिन वर्गातली जी द्रव्ये सुटतात त्यांतली काही थेट खाजेच्या मज्जातंतूंना चेतवतात. शिवाय हीच द्रव्ये फिलॅग्रिनचे उत्पादनही घटवतात, म्हणजे थर आणखी दुबळा होतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू अशा त्वचेवर बस्तान मांडतो आणि त्याची विषे आगीत तेल ओततात. आधी थर बिघडतो की आधी प्रतिकारयंत्रणा बिथरते, यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. दोन्ही एकमेकांना ढकलतात आणि कुणात एकीचा जोर अधिक तर कुणात दुसरीचा, असेच आता बहुतेक मानतात. इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिन या ॲलर्जीच्या द्रव्यामुळे येत नाही, म्हणून अंगावर उठणाऱ्या पित्तावर चालणारी ॲलर्जीची गोळी इथे फारशी उपयोगी पडत नाही. तिच्यामुळे येते ती फक्त गुंगी.

खाज रात्री वाढते, हे ज्याने भोगले आहे त्याला वेगळे सांगायला नको. रात्री त्वचेचे तापमान चढते, तिच्यातून उडणारे पाणी वाढते, दाह आवरणारे कॉर्टिसोल उतरणीला लागते, आणि मन गुंतवायला दुसरे काही नसते. झोपेतला हात कोपराच्या घडीकडे जातो आणि सकाळी चादरीवर बारीक रक्ताचे ठिपके दिसतात. वर्षानुवर्षे खाजवलेली जागा कशी होते, हे मी माझ्याच हातावर पाहिले आहे. तिथली कातडी बोटाला जाड लागते, नैसर्गिक रेघा ठसठशीत होतात आणि रंग मातकट जांभळा पडतो. ‘खाजवू नकोस’ म्हणणाऱ्या माणसाला खाज म्हणजे काय हे माहीत नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. नखे कापणे, सुती कपडे घालणे, घोंगडी अंगाला लागू न देणे हे खरे उपाय आहेत. घोंगडीच्या जाड लोकरीची टोके त्वचेला अक्षरशः टोचतात. त्यात ॲलर्जी असावीच लागते असे नाही. लहानपणी आजीच्या घोंगडीवर झोपायचा माझा हट्ट असे आणि रात्रभर अंग फाडायचेही काम माझ्याचकडे असे.

रंगाचा मुद्दा निघालाच आहे तर तोही सांगते. परदेशी पुस्तकांत इसब ‘लाल’ असतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो तांबूस दिसतोच असे नाही. तो करडा, जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो, म्हणून सौम्य समजला जातो. उलट टोकाचे उदाहरण आमच्या वर्गांत दर उन्हाळ्यात दिसते. पाचवी-सहावीच्या मुलांच्या गालांवर पुसट कडांचे, किंचित कोंडा सुटलेले फिकट डाग असतात. पालक म्हणतात, “बाई, कॅल्शियम कमी झालंय,” किंवा “जंत झालेत.” काहींना कोडाची धास्ती वाटते. बहुतेक वेळा तो इसबाचाच एक सौम्य प्रकार असतो. आजूबाजूची त्वचा उन्हाने रापली की डाग उठून दिसतात, आणि काही महिन्यांत ते आपोआप भरून येतात. कॅल्शियमचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता पथ्याकडे वळते. अन्नाचा संबंध मुळीच नसतो असे म्हणणेही चूक होईल. मध्यम ते तीव्र इसब असलेल्या तान्ह्या मुलांपैकी काहींना अंडी किंवा दूध यांची खरी ॲलर्जी असते आणि ती डॉक्टरांनी तपासून ठरवायची असते. परंतु गेल्या काही वर्षांत अभ्यासकांचा तर्क उलट्या दिशेने गेला आहे: अन्नामुळे इसब होण्यापेक्षा, इसबाने फाटलेल्या कातडीतून अन्नाचे कण आत शिरल्यामुळे अन्नाची ॲलर्जी जडते. लंडनमध्ये गिडिऑन लॅक यांच्या गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या 640 तान्ह्या बाळांवर केलेली चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ चारायला सुरुवात केली, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची ॲलर्जी टाळणाऱ्यांच्या तुलनेत कितीतरी कमी, सुमारे एक पंचमांशच, निघाली. ज्या गावात शेंगाची चटणी दोन वेळच्या ताटात असते, तिथे हे वाचून माझा ऊर भरून आला, पण तान्ह्या बाळाला अख्खा दाणा कधीही देऊ नये आणि तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, हे त्यासोबत सांगितलेच पाहिजे. वाढत्या मुलाचे दूध, अंडी, डाळ, फळे अंदाजाने एकेक करून बंद करत गेलेले पालक मी पाहिले आहेत. त्या मुलांचे वजन घटते, इसब घटत नाही.

सगळा इसब जन्मजात नसतो, बाहेरून येणाराही असतो. मोहोळकडचे एक शेतकरी पालक पावसाळ्यानंतर पापण्या सुजवून, मान आणि चेहरा काळानिळा करून शाळेत येत. उन्हाची ॲलर्जी, असे सगळ्यांनी ठरवले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी काढल्या आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिले, तेव्हा गाजरगवताच्या पट्टीखाली फोड उठले होते. 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरात नोंदले गेलेले हे गवत आयात धान्याबरोबर आले असे मानतात. त्याला काँग्रेस गवत म्हणा की गाजरगवत, त्याच्या वाळक्या केसाळ कणांमधले पार्थेनिन हे द्रव्य हवेतून चेहऱ्यावर बसते. अशी संपर्काची ॲलर्जी उठायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून माणूस आजच्या जेवणाला दोष देतो आणि परवाच्या बांधाला विसरतो. बिबा उतल्यावर अंग कसे फुलते ते आपल्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक होते, जात तीच.

औषधांच्या बाबतीत आम्ही दोन टोकांना राहतो. 1933 मध्ये माझ्यासारख्या इसबाला ‘ॲटॉपिक डर्मटायटिस’ हे नाव सुचवणाऱ्या दोघांपैकी एक असलेले मॅरियन सुल्झबर्गर यांनीच 1952 मध्ये एका सहकाऱ्यासह त्वचेवर लावायच्या हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉईडचा परिणाम दाखवला, आणि इसबावर पहिल्यांदाच खात्रीचे औषध हाती आले. पण औषधाच्या दुकानात नुसती ‘खाज’ म्हटले की स्टेरॉईड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली नळी हाती पडते. मलाही एकदा अशी नळी ‘सगळ्यावर चालते’ म्हणून मिळाली होती. ती नायट्याला लावली की लाली उतरते आणि बुरशी दबक्या पावलांनी पसरत राहते. चेहऱ्याला महिनोन्महिने लावली की कातडी कागदासारखी पातळ होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवरच्या अनेक स्टेरॉईडांची चिठ्ठीविना विक्री बंद केली, पण काउंटरवरचा व्यवहार कायद्याच्या वेगाने बदलत नाही. दुसऱ्या टोकाला, तज्ज्ञांनी नीट लिहून दिलेले मलम ‘स्टेरॉईड आहे’ म्हणून दोन दिवसांत बंद करणारे पालक आहेत. मापही सोपे आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आपण बहुतेक जण याच्या चौथाई मलम लावतो आणि औषध लागू पडत नाही अशी तक्रार करतो.

आमच्या वाड्यात विड्या वळणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांना वर्षभर भेगा असतात, कारण तेंदूची पाने भिजवणे, तंबाखूची धूळ, घरची भांडी आणि धुण्याचा सोडा या सगळ्यांचा मारा त्याच दोन बोटांवर होतो. दवाखान्यात त्यांना हातमोजे घालायला सांगितले. मोजे घालून विडी वळत नाही, कारण बोटाच्या टोकाला पानाची धार कळावी लागते, आणि हजेरी तर विड्यांच्या हजारावर मोजली जाते. तेव्हा आम्ही दोघींनी बसून कामाची वाटणी केली: पाने भिजवताना आणि भांडी घासताना रबरी मोजे, वळताना मोकळा हात, विड्या कारखान्यात देऊन आल्यावर साध्या पाण्याने हात धुऊन जाड थर पेट्रोलियम जेलीचा, आणि रात्री त्यावर जुने सुती मोजे. संक्रांतीच्या थंडीत भेगा तरीही उघडतात; मग तज्ज्ञांनी दिलेले मलम आठवडाभर लावायचे आणि पुन्हा जेलीवर यायचे. जेलीची मोठी डबी त्यांना दोन महिने पुरते, आणि तिचे पैसे त्या विडीच्या मजुरीतून आधी बाजूला काढतात.